लसीच्या खोलीपलीकडची भिंत

त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सुतभर कलली तरी ती उतरवून पुन्हा उभी करायची ही त्याची खोड. बरोबरचे कामगार वैतागायचे, पण स्वतःचं घर बांधायचं झालं की त्यालाच शोधत यायचे. त्याची थोरली बहीण शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, नर्सचे झगे, उशांचे अभ्रे, जे येईल ते. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तो चाळिशीला टेकला तरी ती त्याला दटावायची आणि तो मान खाली घालून ऐकायचा.

ताईच्या छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली. गावच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. आधी केमोचे सहा डोस, तीन-तीन आठवड्यांनी एक. मग लाईट. रेडिएशनला तिकडे सगळे लाईटच म्हणत.

"लाईट इथे मिळत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यासाठी राजधानीला जायला लागेल. जायलाच चौदा तास. पाच आठवडे रोज घ्यायची, म्हणजे तिथेच राहायचं. आणि नंबर लागायला चार-पाच महिने."

"मग इथले लोक काय करतात?" ताईने विचारलं.

"काही जातात."

"आणि बाकीचे?"

डॉक्टरांनी फाईल बंद केली.

त्याच सुमारास दवाखान्याच्या मागच्या अंगणात सात मोठी लाकडी खोकी येऊन पडली. ताडपत्रीखाली झाकलेली. आत रेडिएशनचं मशीन होतं, त्या सगळ्या मुलखातलं पहिलं. पण ते ठेवायला खोली नव्हती. साधी खोली चालत नाही. भिंती पाच-पाच फूट जाड, भरीव काँक्रीटच्या लागतात, कारण मशीनमधून निघणारे किरण विटांच्या भिंतीला जुमानत नाहीत. खोलीचा ठेका निघाला आणि ओळंब्याने दुसरीकडचं चालू काम सोडून तिथे नाव लावलं. का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. ताईला मात्र कळलं. "घाई करू नकोस," ती म्हणाली. "आणि ढिलाईही नको."

कामावर पहिल्याच दिवशी एक बाई आल्या. किडकिडीत, डोळ्यांवर जाड चष्मा, पायांत कामगारांसारखे बूट. मशीनचं मोजमाप आणि हिशेब बघण्याचं त्यांचं शिक्षण होतं. सगळे त्यांना मशीनच्या मॅडम म्हणू लागले. त्यांनी गवंडी, बिगारी, लोखंडवाले, सगळ्यांना गोळा केलं.

"किरणांना दार लागत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना भोक पुरतं. म्हणून काँक्रीट एका दमात ओतायचं. मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर जोड पडेल, आणि नीट घोटलं नाहीत तर आत पोकळ राहील. वरून दिसणार नाही. पण किरणांना दिसेल."

ओळंब्याला हे बोलणं फार आवडलं. आपल्या कामाबद्दल इतकं नेमकं कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं.

उगवतीकडची भिंत ओतायच्या दिवशी मॅडम नव्हत्या. कसल्याशा परवान्यासाठी त्यांना आठ दिवस राजधानीला जावं लागलं होतं. "मी आल्याशिवाय ही भिंत ओतू नका," असं त्या बजावून गेल्या होत्या. ठेकेदाराने ऐकलं नाही. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनाची तारीख ठरली होती, पत्रिका छापून आल्या होत्या. काँक्रीट अर्ध्यावर आलं आणि ते दाबून बसवणारं व्हायब्रेटर जळालं. दुसरं आणायला माणूस पाठवला, तो दोन तासांनी हात हलवत परत आला. तोवर ठेकेदाराने लोखंडी सळईने ढोसून ढोसून माल भरायला लावला. ओळंबा दोनदा "थांबा" म्हणाला. दोन्ही वेळा ठेकेदार दुसरीकडे बघत "चालू द्या" म्हणाला.

साच्याच्या फळ्या काढल्यावर दिसलं. भिंतीच्या मधोमध, कमरेपासून छातीपर्यंत, काँक्रीटला जाळी पडली होती. खडी उघडी, मध्ये सिमेंटच नाही. ओळंब्याने एक बारीक सळई आत घातली. ती जाता जाता त्याच्या कोपरापर्यंत गेली.

"प्लास्टर मारून टाक," ठेकेदार म्हणाला.

"साहेब, हे फोडून पुन्हा भरायला लागेल."

"किती दिवस?"

"नीट करायचं तर तीन आठवडे."

ठेकेदार त्याच्याजवळ आला. आवाज एकदम मऊ केला. "तुझी बहीण आहे ना लाईटच्या यादीत? मला माहीत आहे. तीन आठवडे तू तिच्याच आयुष्यातले काढतोयस. भिंत पाच फूट आहे रे. त्यात हातभर पोकळ राहिलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? मार प्लास्टर. तिला पहिला नंबर मिळवून देणं माझ्याकडे लागलं."

आणि ओळंब्याने प्लास्टर मारलं.

सुतभर कललेली भिंत उतरवणाऱ्या माणसाने ते केलं. इतकं गुळगुळीत केलं की हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटावं.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. तिचा तिसरा डोस होऊन चार दिवस झाले होते. डोक्यावर केस नव्हते, तोंडाला चव नव्हती, पण शिलाई मशीनवर झगा होता आणि पाय चालू होते. तो कोपऱ्यात बसला. पाणी दिलं, प्यायला नाही. तिने हातातली शिवण संपवली. मग दोरा तोडून म्हणाली, "काय करून आलास?"

त्याने सगळं सांगितलं. ठेकेदार काय म्हणाला तेही सांगितलं.

ताईने एवढंच विचारलं, "त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

तो खाली बघत म्हणाला, "लसीची खोली. तान्ह्या बाळांना टोचतात ती."

"भिंतीला लागून काय आहे?"

"बाक. बाया पोरांना घेऊन बसतात तो."

ताई उठली. तिचा डावा हात ऑपरेशनपासून खांद्याच्या वर जात नव्हता. उजव्या हाताने तिने झग्याची घडी केली, कात्री पेटीत ठेवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"माझ्या नावावर तू हे केलंस," ती म्हणाली. "माझं आयुष्य वाढावं म्हणून दुसऱ्याच्या लेकराच्या पाठीशी भोक ठेवलंस. उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येते. हातोडा आण. मोठा."

"ताई, कामावरून काढतील."

"काढू देत. भिंती काय जगात त्या एकट्याच्याच बांधायच्या आहेत?"

सकाळी ती निघाली तेव्हा तिने डोक्याला फडकं बांधलं नाही. एरवी बांधायची. रस्त्याने लोक बघत होते, तिने बघू दिलं. दवाखान्याच्या मागच्या अंगणात ठेकेदार चहा पीत उभा होता. बाईमाणसाला बांधकामावर यायची परवानगी नाही, असं काहीसं तो बोलायला लागला. ती त्याला वळसा घालून सरळ आत गेली आणि त्या गुळगुळीत भिंतीपुढे उभी राहिली.

"हीच का?"

"हीच."

"फोड."

पहिला घाव त्याने बिचकत घातला. दुसरा जरा जोरात. तिसऱ्याला प्लास्टरचा मोठा पापुद्रा सुटून खाली पडला आणि मागची जाळी उघडी झाली, उंदरांनी पोखरलेल्या पोत्यासारखी. ठेकेदार धावत आला, त्याने हातोड्याचा दांडा धरला. ओळंबा आयुष्यात कोणाच्या अंगावर गेला नव्हता. त्याने नुसतं त्याच्याकडे बघितलं. ठेकेदाराने दांडा सोडला आणि मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेला.

त्या दिवशी लसीकरणाचा वार होता. घावांच्या आवाजाने पलीकडची बाळं रडायला लागली होती, म्हणून काय चाललंय ते बघायला दोन-चार बाया आल्या. ताईने त्यांना जवळ बोलावलं. "या, बघा. तुम्ही ज्या बाकावर बसता ना, त्याच्या मागे हे आहे. घाला हात." एकीने मूल दुसरीकडे देऊन खरंच हात घातला. सुटी झालेली खडी खाली सांडत तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. ती जाऊन बाकीच्यांना घेऊन आली. मोठे डॉक्टर येईपर्यंत खोलीत वीस-पंचवीस बाया झाल्या होत्या, प्रत्येकीच्या कडेवर एकेक.

मोठे डॉक्टर दवाखान्याचे प्रमुख होते. माणूस वाईट नव्हता. त्या मशीनसाठी त्यांनी सहा वर्षं खेटे घातले होते, अर्ज लिहून लिहून बोटं झिजवली होती. म्हणूनच ते जास्त चिडले.

"बाई, तुम्ही काय करताय तुम्हाला कळतंय का? माझ्याकडे यादीत तीनशे चाळीस नावं आहेत. एकेक दिवस मोजतायत लोक."

"त्यात माझंही नाव आहे," ताई म्हणाली. "एकशे बारावं."

"मग तर तुम्हाला कळायला हवं! सहा वर्षांनी मिळालंय हे. कुणीतरी दिलंय म्हणून मिळालंय. एवढ्यातेवढ्याने काम अडलं तर खोकी उचलून दुसरीकडे नेतील. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात."

"ही धर्माची गाय नाही, साहेब. आमच्या हक्काची आहे. आणि दात मी मोजणार." ताईला धाप लागली होती. तिने उजवा हात भिंतीला टेकवला, पण बसली नाही. "राजधानीतल्या दवाखान्यात अशी भिंत चालवून घेतली असती का कोणी? इथे का चालते? आम्हाला उशिरा मिळतंय म्हणून? गरिबाला मिळतंय तेच खूप म्हणून? उशीर तर झालाच आहे. आता निदान धड द्या."

"तीन आठवड्यांत कोणी गेलं तर?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. ताईलाही ते कळलं.

"तर ते ज्याने ही भिंत अशी ओतली त्याच्यावर," ती म्हणाली. "आणि काही माझ्यावर. घेते मी. पण त्या बाकावर बसणाऱ्यांवर नको."

ज्या बाईने भिंतीत हात घातला होता ती पुढे आली. "डॉक्टरसाहेब, ही भिंत नीट होईपर्यंत आम्ही इथून हलणार नाही. पोरांना इथेच टोचा." कोणीतरी हसलं. मग सगळ्याच खाली बसल्या.

मोठ्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे मशीनच्या मॅडमना फोन लावला. बोलणं थोडक्यात झालं. त्यांचा चेहरा उतरत गेलेला सगळ्यांनी पाहिला. फोन ठेवून ते ठेकेदाराकडे वळले. "त्या निघाल्यात. तोवर कोणी भिंतीला हात लावायचा नाही." मग ओळंब्याकडे बघून म्हणाले, "आणि हा माणूस कुठे जाणार नाही."

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून उतरून तशाच, बॅग खांद्याला, भिंतीपाशी आल्या. ठिकठिकाणी भोकं पाडून बघितलं. पोकळ भाग दिसत होता त्याच्या दुप्पट निघाला. त्यांनी चष्मा पुसला.

"प्लास्टर कोणी मारलं?"

"मी," ओळंबा म्हणाला.

"फोडलं कोणी?"

"मीच."

त्यांनी बॅगेतून वही काढली. "पहिलं काम माझ्या अहवालात जाईल," त्या म्हणाल्या. "दुसरंही जाईल. आता सांगा, पुन्हा भरायला काय काय लागेल?"

त्याने सांगितलं. दोन व्हायब्रेटर, एक चालू, एक हाताशी. माल मिसळणारी दोन यंत्रं. बारा माणसं. आणि ओतायला सुरुवात केल्यावर कोणाचंही, मंत्र्यांचंही, ऐकून थांबायचं नाही.

मंत्री ठरलेल्या तारखेला आलेच. पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांनी अंगणात नव्याने बसवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या नळाचं उद्घाटन केलं, नळ सोडला, टाळ्या झाल्या. फोटोत मागे ताडपत्रीखालची खोकी दिसत होती.

तीन आठवड्यांचे सहा झाले. ठेकेदाराने आधी भांडण काढलं, मग सिमेंट उशिरा आणलं. मग मशीन बसवायला, जुळवायला, तपासायला आणखी तीन महिने. ताईचे सहा डोस संपले. त्यानंतर ठरावीक आठवड्यांत लाईट सुरू व्हायला हवी होती आणि ते आठवडे हातातल्या वाळूसारखे निसटत होते. राजधानीतल्या यादीतही तिचं नाव होतं, पण ती यादी लांबत जाऊन तिथला नंबर इथल्याहूनही मागे गेला होता. ती रोज भिंतीपुढे उभी राहून डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर वर चढवायची. नर्सने शिकवलेला व्यायाम होता. लाईट घेताना हात डोक्यामागे न्यावा लागतो, नाहीतर मशीनला जागा मिळत नाही. "मशीन तयार आणि माझाच हात तयार नाही, असं व्हायला नको," ती म्हणायची. दुखून डोळ्यांत पाणी यायचं, तरी बोटं आणखी एक इंच वर.

त्याच दिवसांत एक बाई तिच्याकडे आली. तिचा नवरा यादीत होता. त्याचा आजार हाडांत उतरला होता. एकदा-दोनदा लाईट मिळाली असती तर जीव वाचला नसता, पण कळा थांबल्या असत्या. तो गेला होता, आणि कळांतच गेला होता. बाई दारात उभी राहिली, आत आली नाही.

"तुमच्या भिंतीने त्याला ओरडत मारलं," ती म्हणाली आणि निघून गेली.

ओळंबा तिथेच होता. तो म्हणाला, "ताई, चूक ठेकेदाराची होती."

"गप्प बस," ताई म्हणाली. "तिचं खोटं नाही."

दोन दिवस तिने शिलाई मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती मोठ्या डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली. चिठ्ठी नाही, वेळ ठरवलेली नाही.

"ज्यांना फक्त कळांसाठी लाईट हवी, असे किती आहेत यादीत?"

"असतील तीस-पस्तीस. का?"

"त्यांना एकदाच न्यायला लागतं ना? तुमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक आठवड्यातून एकदा राजधानीला पाठवा. तिकडच्या डॉक्टरांना तुम्ही शब्द टाका. मशीन सुरू होईपर्यंत."

"बाई, गाड्या त्यासाठी नसतात."

"मग कशासाठी असतात?"

तिने खुर्ची ओढली आणि बसली. दुपारपर्यंत बसली. शेवटी त्यांनी राजधानीला फोन केला. पुढच्या सोमवारपासून गाडी जायला लागली, दर खेपेला तीन पेशंट आणि त्यांची माणसं. अकरा खेपा झाल्या. त्या बाईच्या नवऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता, आणि ताईने तसा आव कधी आणला नाही.

मशीन सुरू व्हायच्या आधी भिंतींची शेवटची तपासणी झाली. आत मशीन पूर्ण ताकदीने चालू केलं, आणि मॅडम हातात मोजमापाची पेटी घेऊन लसीच्या खोलीत, बाकाशेजारी उभ्या राहिल्या. ओळंबा दारात. त्याला आकडे कळत नव्हते. मॅडमनी पेटी भिंतीवरून इंच इंच फिरवली. कमरेपासून छातीपर्यंत दोनदा. मग त्या अंगणात, उघड्यावर गेल्या, तिथलं मोजलं आणि परत आल्या.

"बाहेर उघड्यावर नेहमीच जेवढं असतं तेवढंच इथे," त्या म्हणाल्या. "बसा बाकावर."

तो बसला. त्याने पाठ भिंतीला टेकवली.

ताईचा नंबर एकशे बारावाच राहिला. ठेकेदाराने कबूल केलेला पहिला नंबर घशाच्या आजाराच्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला मिळाला. तिचा दिवस आला तेव्हा तिला दिलेल्या मुदतीतले फक्त सहा दिवस उरले होते. टेबल थंडगार होतं. मशीन चालवणारी मुलगी म्हणाली, "दोन्ही हात वर घ्या, काकू. नाही जमलं तर सांगा, उशी देते."

"उशी राहू दे," ताई म्हणाली आणि हात वर नेला.

पंचवीस वेळा नेला.

ओळंब्याला त्या ठेकेदाराने आणि त्याच्या ओळखीच्यांनी वर्षभर कुठेच काम दिलं नाही. तो लोकांच्या गच्च्यांची गळती काढत फिरला. पुढे शेजारच्या मुलखातल्या दवाखान्याला असं मशीन मिळालं, तेव्हा मॅडमनी खोलीसाठी त्याचं नाव सुचवलं. तो गेला. पहिल्या दिवशी त्याने कामगारांना गोळा करून सांगितलं की अशाच एका भिंतीतली पोकळी त्याने स्वतःच्या हाताने प्लास्टरखाली झाकली होती, आणि इथे कोणी तसं करायला सांगितलं तर आधी त्याच्याकडे यायचं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. ताई दर चार महिन्यांनी तपासणीला जाते. आतापर्यंत तरी सगळं ठीक आहे. डावा हात अजून संध्याकाळी सुजतो, ती तो उशीवर ठेवून उजव्या हाताने काजं करते. नवरा कळांत गेलेली ती बाई कुठे भेटली तर दोघी एकमेकींना बघून थांबतात, बोलत नाहीत.

मागच्या महिन्यात मशीन बंद पडलं. कुठलासा भाग जळाला होता. तो बाहेरून यायचा होता आणि दुरुस्तीवाला "बघतो, पाठवतो" असं म्हणत होता. लाईट मधेच थांबली की आजाराला फावतं, हे आता गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर खिडकीपाशी उभे राहून त्या दुरुस्तीवाल्याशी फोनवर बोलत होते. खाली अंगणातून ताई येताना दिसली. मागे लाईट चालू असलेले पेशंट होते. कोणाच्या मानेवर खुणा, कोणाच्या डोक्याला फडकं, आणि एकीने हातात घडीची खुर्चीच घेतली होती.

"हे बघा," डॉक्टर फोनमध्ये म्हणाले, "तुम्ही आज निघताय की मी या बाईंना तुमचा पत्ता देऊ?"

तो त्याच दिवशी निघाला.